गंजलेल्या बोल्टाशीं गांठ

जुनी मोटार हौसेनें घरीं आणणाऱ्याची पहिली निराशा तिच्या वेगावरून होत नाहीं, कीं पेट्रोलच्या खर्चावरूनहि होत नाहीं. ती होते पहिल्या बोल्टापाशीं. पाना लावावा, अंगांतील बळ एकवटावें आणि बोल्ट जागचा हलूं नये. किंवा याहून वाईट म्हणजे तो लोण्यांतून फिरावा तसा सहज फिरावा आणि त्याचें डोकें तेवढें हातांत यावें! बाहेर रंग लावून झळकणाऱ्या कित्येक मोटारी या एका प्रसंगानंतर ताडपत्रीखालीं गेल्या त्या पुन्हां बाहेर आल्याच नाहींत. यासाठीं एंजिनापर्यंत पोंचावें कसें आणि गंजलेले बोल्ट सोडवावे कसे, या साध्या दिसणाऱ्या विषयाचा आज थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे. उदाहरणादाखल एकच मोटार घेऊं, म्हणजे बोलणें मोघम राहणार नाहीं.

उघड्या मोटारींतून हिंडण्याची हौस इंग्रज लोकांस भारी. ज्या देशांत पाऊस केव्हां येईल याचा नेम नाहीं, त्या देशांतील लोकांस ही हौस कां जडावी हें एक कोडेंच आहे. या हौसेसाठीं कॉव्हेंट्री येथील स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीनें १९६२ सालीं ‘स्पिटफायर’ नांवाची दोन माणसांची, दुमडत्या टपाची लहानशी मोटार बाजारांत आणली. दुसऱ्या महायुद्धांतील प्रख्यात लढाऊ विमानाचेंच नांव तिला दिलें होतें. तिचें रूप जोव्हान्नी मिकेलॉट्टी या इटालियन कलावंतानें घडविलें. पैशाच्या ओढगस्तीमुळें तिचा पहिला नमुना कारखान्याच्या कोपऱ्यांत कापडाखालीं झांकून पडला होता. १९६१ सालीं लेलँड कंपनीनें तो कारखाना घेतल्यावर नव्या मालकांची नजर त्यावर गेली व मोटारीचें दैव उघडलें, असें सांगतात. १९८० पर्यंत ती निघत होती आणि तोंपर्यंत तीन लाखांहून अधिक स्पिटफायर तयार झाल्या.

आपल्या वाचकांस ही मोटार अगदींच परकी वाटण्याचें कारण नाहीं. तिचें एंजिन आणि तिच्या सांगाड्याची मूळ कल्पना ज्या ‘हेरल्ड’ मोटारीवरून घेतली, ती हेरल्ड १९६१ पासून मद्रासेस तयार होत असे, आणि ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नांवानें ती पुण्यामुंबईच्या कित्येक घरांपुढें उभी असे. मद्रासेच्या हेरल्डचें एंजिन ९४८ घन सेंटिमीटरचें, तर पहिल्या स्पिटफायरचें ११४७ चें; पण दोघीही एकाच घराण्यांतील. ज्यांनीं हेरल्ड पाहिली आहे त्यांस तिचें पुढच्या बाजूस कलंडणारें बॉनेट नक्कीच आठवत असेल.

या बॉनेटाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. सामान्य मोटारींत बॉनेट म्हणजे एंजिनावरील एक झांकण. तें उचलून मनुष्य वरून, विहिरींत डोकावावें तसा, आंत डोकावतो. स्पिटफायरमध्यें दोन्ही दारांच्या पुढें, खालच्या अंगास, एकेक कडी असते. त्या दोन कड्या सोडल्या कीं झांकण, चाकांवरील दोन्ही पंख आणि दिवे यांसह मोटारीचा सबंध पुढचा भाग एकसंध वर उठतो व नाकापाशीं असलेल्या बिजागऱ्यांवर पुढें कलतो. मग एंजिन, रेडिएटर, कार्ब्युरेटर, पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा, सुकाणूची दांडी, सर्व कांहीं ताटांत वाढल्यासारखें समोर येतें. पुढच्या चाकाच्या टायरवर निवांत बैठक मारून एंजिनाचें काम करतां येतें, ही या मोटारीची ख्याति आहे, आणि ती खोटी नाहीं. अधिक मोकळीक हवी असेल तर दिव्यांच्या तारा, आधाराची दांडी आणि बिजागऱ्यांचे बोल्ट सोडून दोघांनीं सबंध बॉनेट उचलून भिंतीशीं टेकून ठेवावें. गिअरबॉक्स काढावयाची तर तीहि खालून नव्हे. आसनें आणि मधलें झांकण काढून ती मोटारीच्या आंतूनच बाहेर घेतात.

याच्या उलट उदाहरणें पाहिलीं म्हणजे ही सोय किती मोलाची आहे हें कळतें. १९५८ सालच्या ऑस्टिन-हीली स्प्राइटचाहि पुढचा भाग एकसंध उघडतो, पण त्याच्या बिजागऱ्या मागें, कांचेपाशीं. त्यामुळें काम करणाराच्या डोक्यावर सबंध वजन एका आधारावर तोललेलें राहतें, आणि मनुष्य एंजिनाकडे एक डोळा ठेवून दुसरा त्या आधाराकडे ठेवतो. १९९६ पासून निघालेल्या पोर्श बॉक्स्टरची तर गोष्टच निराळी. तिचें एंजिन आसनांच्या मागें दडलेलें. तें नुसतें दृष्टीस पडावें यासाठीं टप अर्धा उघडून एका ठराविक स्थितींत अडकवून ठेवावा लागतो, मग खालचा गालिचा उचलावा, मग त्याखालचें झांकण काढावें, आणि एवढें करून जें दिसतें त्यापेक्षां पुष्कळसें खालूनच हाताळावें लागतें. मोटार उत्तम, यांत शंका नाहीं. पण ती मालकानें घरीं उघडावी अशी तिच्या कर्त्यांची इच्छा दिसत नाहीं.

ट्रायम्फच्या मोटारी अशा मोकळ्या कां झाल्या, याचें कारण मौजेचें आहे. १९५३ सालीं प्रतिस्पर्धी बी. एम. सी. कंपनीनें फिशर अँड लडलो हा पत्र्याची घडण करणारा मोठा कारखाना विकत घेतला. स्टँडर्ड कंपनीची घडण तेथूनच येत असे. तेव्हां सबंध एकसंध पेटीसारखी मोटार घडविण्याचा मार्ग अडला, आणि हेरल्डसाठीं जुन्या पद्धतीप्रमाणें निराळा सांगाडा करून त्यावर ठिकठिकाणीं तयार झालेले तुकडे बोल्टांनीं जोडण्याचें ठरलें. म्हणजे अडचणींतून सोय निघाली. मात्र तुकडे जितके अधिक तितके बोल्ट अधिक, आणि जितके बोल्ट अधिक तितकीं गंज धरण्याचीं ठिकाणें अधिक. एंजिन तत्काळ समोर येतें खरें. पण पुढें प्रत्येक पावलावर बोल्ट आहे.

लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु यांच्या संयोगानें गंज होतो, हें शाळेंत सर्वांनींच घोकलेलें असतें. मोटार दुरुस्त करणाराला त्यांतील एकच गोष्ट खरी नडते. ती ही कीं, गंज मूळ लोखंडापेक्षां कित्येक पट जागा व्यापतो. बोल्टाचे आटे आणि नटाचे आटे यांच्यांत अगदीं बारीक फट असते. तेथें गंज धरला कीं तो फुगतो, आणि बाहेर जाण्यास वाट नसल्यानें दोन्ही अंगांस दाबतो. असा बोल्ट चिकटलेला तर असतोच, शिवाय आंतून पाचर ठोकल्याप्रमाणें आवळलेलाहि असतो. इंग्लंडांत हिवाळ्यांत रस्त्यांवर बर्फ गोठूं नये म्हणून मीठ टाकतात; तें चाकांनीं उडून मोटारीच्या पोटाखालीं बसतें आणि गंजाचें काम झपाट्यानें करतें. आपल्या कोंकणपट्टींत तेंच मीठ समुद्राचा वारा घरपोंच आणून देतो.

पान्याची गोष्ट पुष्कळजण क्षुल्लक समजतात, आणि निम्मे बोल्ट तेथेंच बिघडतात. १९४८ सालीं अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तीन देशांनीं आट्यांचें एक समान माप ठरविलें, आणि स्पिटफायरचे बहुतेक बोल्ट त्याच मापाचे आहेत. त्यांचीं डोकीं इंचांत मोजलेलीं असतात. आपल्या घरांत मात्र आज मिलिमीटरचे पाने असतात. १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यास १३ चा पाना बसतो, पण किंचित् ढिला बसतो. नवा बोल्ट हें सहन करील. गंजून ज्याचे कोपरे आधींच झिजले आहेत त्या बोल्टाचें डोकें मात्र अशा पान्यानें सुपारीसारखें गोल होतें. ९/१६ इंचास १४ चा पाना जातच नाहीं आणि १५ चा फारच ढिला होतो. ३/४ इंच व १९ मिलिमीटर यांचें मात्र जवळजवळ जुळतें. तेव्हां इंचांच्या पान्यांचा एक संच घ्यावा. त्यांतहि सहा कोनांचें सॉकेट, ज्याला आपले मिस्त्री गोटी म्हणतात, तें घ्यावें. बारा कोनांच्या गोटीची पकड केवळ कोपऱ्यांवर असते, सहा कोनांचीची सपाट बाजूंवर. लावण्यापूर्वीं तारेच्या ब्रशानें डोक्यावरील व उघड्या आट्यांवरील गंज खरवडून काढावा. हें काम कंटाळवाणें आहे आणि तें टाळूं नये.

आतां मुख्य मुद्दा. आमच्या मतें तेलाची बाटली उचलण्यापूर्वीं बॉनेट उघडून अर्धा तास नुसतें पाहावें, आणि प्रत्येक बोल्टाविषयीं एकच प्रश्न विचारावा: हा तुटला तर काय? कांहीं बोल्ट आरपार गेलेले असतात, दुसऱ्या टोकास नट असतो. असा बोल्ट तुटला तर शोक करण्याचें कारण नाहीं. तो कानशीनें, करवतीनें किंवा छिन्नीनें हेतुपुरस्सर तोडला तरी चालेल. नवा बोल्ट थोड्या पैशांत मिळतो. दुसरे बोल्ट ओतीव लोखंडांत किंवा ॲल्युमिनियमच्या भागांत थेट आटे पाडून बसविलेले असतात. तो तुटला कीं त्याचें अर्धें अंग आंत राहतें, आणि एका दुपारचें काम एका महिन्याचें होतें. तिसरी जात पत्र्याच्या पिंजऱ्यांत अडकविलेल्या नटांची. पिंजरा गंजला कीं बोल्टाबरोबर आंतला नटहि गरगर फिरतो, आणि त्याला धरावयास जागा नसते. पहिल्या जातीवर वेळ दवडणें ही उधळपट्टी आहे. सर्व धीर दुसरीसाठीं आणि तिसरीसाठीं राखून ठेवावा. नवशिका मनुष्य नेमका उलट वागतो. बाहेरच्या साध्या बोल्टावर तो दिवसभर झटतो आणि दमून संध्याकाळीं सिलिंडर-हेडांतील स्टडावर दांत-ओठ खाऊन जोर लावतो.

गंजांत शिरणारें तेल आज कोठेंहि डब्यांत मिळतें. डब्ल्यूडी-४० हें नांव सर्वतोमुखीं असलें तरी तें १९५३ च्या सुमारास अमेरिकेंत ओलावा हटवून गंज थांबविण्यासाठीं निघालें. जखडलेल्या बोल्टासाठीं निराळीं, अधिक पातळ तेलें आहेत. कांहीं कारागीर ॲसिटोन आणि स्वयंचलित गिअरबॉक्सचें तेल समभाग मिसळून वापरतात. तें शिरतें चांगलें, पण पेट घेण्यासहि तितकेंच उतावीळ असतें. तेल कोणतेंहि असो, त्याचें खरें औषध म्हणजे वेळ. आज रात्रीं सोडावें, उद्यां सकाळीं हातोडीनें डोक्यावर हलके ठोके देऊन पुन्हां सोडावें, असें तीन-चार दिवस करावें. ठोक्यांनीं गंजास बारीक तडे जातात आणि त्यांतून तेल उतरतें. तेल टाकून पांच मिनिटांत पान्याला लोंबकळणाऱ्यानें तेल न टाकलें तरी चालेल.

पाना लावल्यावर बोल्ट प्रथम किंचित् आवळण्याच्या दिशेनें फिरवावा. हें ऐकून पुष्कळांस हंसूं येतें. पण गंजाची पकड कोणत्याहि दिशेनें सुटो, ती सुटणें महत्त्वाचें. ती सुटते तेव्हां ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो व हाताला धक्का बसतो. मग पाव फेरा बाहेर, त्याहून थोडा कमी आंत, पुन्हां तेल, असें पुढें-मागें करीत तो बाहेर काढावा. याच्या उलट, आवाज न होतां बोल्ट रबरासारखा लवचिक लागला, पाना फिरतो पण सुटल्याची भावना नाहीं, तर तेथेंच थांबावें. बोल्ट फिरत नसतो, पिळवटत असतो, आणि पुढच्या क्षणीं तुटतो. हा फरक पुस्तकांत वाचून कळणें कठीण. दोन-चार निरुपयोगी बोल्ट मुद्दाम तोडून पाहिल्यास हाताला तो समजतो.

जेथें तेल हरतें तेथें उष्णता जिंकते. प्रवासांतला फिरकीचा तांब्या घट्ट बसला तर आपल्या घरांतील वडील बायका त्याच्याशीं झटापट करीत नाहींत. झांकणावर ऊन पाणी ओततात. झांकण तापून पसरतें, आंतला गळा अजून थंड असतो, आणि फिरकी सुटते. नटाचें शास्त्र हेंच. लोखंड एका अंशास आपल्या लांबीच्या सुमारें बारा दशलक्षांश पसरतें. ८ मिलिमीटर व्यासाचा नट २०० अंशांनीं तापविला तर त्याचें भोंक सुमारें दोन शतांश मिलिमीटरनें मोठें होतें. केंसाच्या जाडीच्या पावपट एवढेंच हें माप, पण गंजाचा थर भंगण्यास तेवढें पुरतें. तापलेल्या आट्यांस मेणबत्ती लावली तर वितळलेलें मेण आंत ओढलें जातें व वंगणाचें काम करतें.

मात्र येथें आम्हांस वाचकांस बजावून सांगणें भाग आहे. एंजिनाच्या शेजारीं कार्ब्युरेटर आहे, पेट्रोलची रबरी नळी आहे, आणि स्पिटफायरची टाकी आसनांच्या मागें आहे. ज्योत लावण्यापूर्वीं बॅटरीची तार काढावी, पेट्रोलचें सर्व सामान दूर करावें, मघाचें तेल पुसून घ्यावें, आणि आग विझविण्याचें साधन हाताशीं ठेवावें. क्लोरिनयुक्त द्रावकानें धुतलेल्या भागावर ज्योत कधींहि धरूं नये; त्यांतून अत्यंत विषारी वायु निघतो. जुन्या मोटारींच्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. तें कोरडें खरवडूं नये, ओलें करून काढावें, व मुलांस त्या वेळीं जवळ फिरकूं देऊं नये. आणि मोटारीखालीं जावयाचें तर केवळ जॅकच्या भरवशावर जाऊं नये. भक्कम लोखंडी घोड्यांवर ती टेकवावी. गंजलेल्या बोल्टावर माणूस सर्व बळानिशीं हिसका देतो, आणि तोच हिसका मोटारीलाहि बसतो.

पुण्यांतील एका एकत्र कुटुंबांत असा प्रसंग आम्ही पाहिला. अंगणांत वीस-बावीस वर्षें उभी असलेली वडिलांची हेरल्ड, म्हणजे स्पिटफायरची थोरली बहीणच, ठेवावी कीं भंगारांत द्यावी यावर तिघां भावांत वाद होता. शेवटीं असें ठरलें कीं एंजिन धडपणें उघडलें तर ठेवावी. अडचण होती ती धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव मॅनिफोल्डाच्या नटांची. हा भाग वर्षानुवर्षें तापतो आणि निवतो, म्हणून त्याचे नट मोटारींतील सर्वांत हट्टी असतात, आणि त्यांचे स्टड थेट सिलिंडर-हेडांत रुतलेले असतात. मिस्त्रींनीं चार दिवस तेल घातलें. पांचव्या दिवशीं सर्व नट सुटले, एकाचा स्टड मात्र हेडाच्या पृष्ठभागापासून थोडा वर तुटला. मधले बंधु कांहीं न बोलतां घरांत निघून गेले. मिस्त्री शांत होते. त्यांनीं तुटक्या टोकावर एक नवा नट बसवून वेल्डिंगनें आंतून भरून घेतला, तो निवेपर्यंत चहा घेतला, आणि पान्यानें हलकेंच पुढें-मागें करतां करतां स्टड अखंड बाहेर काढला. वेल्डिंगच्या उष्णतेनेंच गंज फुटला होता. मोटार अद्याप त्या घरीं आहे.

याच ठिकाणीं पुष्कळजण तुटक्या बोल्टांत भोंक पाडून उलट आट्यांचा काढणी-स्क्रू घालतात. तो फार कठीण पोलादाचा असतो, आणि आंत तुटला तर साध्या ड्रिलानें कापला जात नाहीं. मग दुखण्यापेक्षां औषध भारी होतें. भोंक पाडायचेंच तर बरोबर मध्यावर खूण करून उलट्या फिरकीचें ड्रिल वापरावें. कित्येकदां कापतां कापतांच बोल्ट फिरून बाहेर येतो. स्पिटफायरच्या मागच्या चाकांजवळील लांब आडवा बोल्टहि कुप्रसिद्ध आहे. तो आपल्या पोलादी नळींत असा गंजतो कीं निघतां निघत नाहीं. तो मात्र आरपारचा, म्हणजे पहिल्या जातीचा. त्यावर आठवडा घालविण्यापेक्षां तो दोन्ही बाजूंनीं कापून नवा घालणें शहाणपणाचें.

काढलेले बोल्ट कोठले ते विसरूं नये म्हणून मसाल्याच्या जुन्या डब्यांतील वाट्या उत्तम. प्रत्येक वाटींत चिठ्ठी टाकावी. चिठ्ठ्या लिहिण्याचें काम घरांतील मुलें आनंदानें करतात, आणि त्यांचें अक्षरहि मोठ्यांपेक्षां वाचनीय असतें. परत जोडतांना आटे ब्रशानें स्वच्छ करावे. मॅनिफोल्डास पितळेचे नट घालावे. पितळ लोखंडी स्टडाला गंजानें जखडत नाहीं. इतरत्र तांबें मिसळलेलें ग्रीज अगदीं थोडें लावावें; परंतु वंगण लावलेला बोल्ट त्याच जोरानें अधिक आवळला जातो, म्हणून पुस्तकांत दिलेलें आवळण्याचें माप कोरड्या आट्यांचें असेल तर हात थोडा आंवरावा. सर्वांत शेवटीं बॉनेट खालीं आणतांना दोन्ही बाजूंच्या कड्या बसल्या आहेत कीं नाहींत, हें हातानें चांचपून पाहावें. एकच कडी लागली असली तरी बॉनेट वरून बसल्यासारखें दिसतें.